इस्पितळातील निरोगी वाहक आणि जलद तपासणी

(संस्थेच्या सभागृहात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हांस ज्या विषयावर बोलण्यास सांगितले आहे, तो विषय वास्तविक एखाद्या डॉक्टरने मांडावा असा आहे. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षण कला शाखेचे. तरीही कार्यकारिणीने हा विषय मुद्दाम आमच्याकडे सोपविला, त्यामागे एक विचार आहे. आपल्या सभासदांच्या किती तरी घरांतून रोज सकाळी कोणी ना कोणी इस्पितळात कामाला जाते. कोणी सिस्टर आहे, कोणी वॉर्डबॉय, कोणी आया, कोणी ड्रेसर, कोणी सफाई कामगार. आपली मुले-मुली आता डॉक्टर आणि लॅब टेक्निशियनही होत आहेत. म्हणून हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच आपल्या घरचा आहे. आणि घरची गोष्ट घरच्या भाषेत सांगायला कारकूनही चालतो.

विषय असा आहे. अंगाने धडधाकट असलेल्या इस्पितळातील कर्मचाऱ्याच्या नाकात किंवा हातांवर औषधांना दाद न देणारे जंतू मुक्काम करून असू शकतात. त्या माणसाला ताप नसतो, खोकला नसतो, कसलाही त्रास नसतो. परंतु त्याच्या हातून ते जंतू एखाद्या दुबळ्या रुग्णाच्या जखमेपर्यंत पोहोचू शकतात. अशा माणसाला शास्त्रात 'निरोगी वाहक' म्हणतात. हे जंतू लवकरात लवकर कसे शोधावेत, हा पहिला प्रश्न. शोध लागल्यावर त्या माणसाशी कसे वागावे, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न शास्त्राचा आणि दुसरा समाजाचा. आमचे म्हणणे एवढेच की, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट दिल्याखेरीज पहिल्या उत्तराचा कोणालाच उपयोग होत नाही.

जंतूची ओळख

असे जंतू अनेक आहेत. आज आपण त्यांपैकी एकाचाच विचार करू. त्याचे नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोल जंतू आढळले. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी हे नाव दिले. पुढे १८८४ साली जर्मनीचे रोझेनबाख यांनी त्याच्या सोनेरी रंगावरून 'ऑरियस' हे उपपद जोडले.

हा जंतू आपणांस परका नाही. दर दहा माणसांतील साधारण तिघांच्या नाकपुडीत तो कोणत्या ना कोणत्या वेळी असतो. आज या सभागृहात दीडशे मंडळी बसली आहेत असे धरले, तर चाळीस-पंचेचाळीस जणांच्या नाकात तो असणार, आणि त्यांत वक्ताही असू शकेल. यात घाबरण्यासारखे काही नाही. कातडी शाबूत आहे आणि अंगात ताकद आहे, तोवर तो गुपचूप पडून राहतो. परंतु ऑपरेशनची जखम, भाजलेली कातडी, सलाईनची सुई, नुकतेच जन्मलेले कमी वजनाचे बाळ, अशी वाट मिळाली की तो आत शिरतो. मग पू होतो, रक्तात विष भिनते, प्रसंगी प्राणही जातो.

पूर्वी त्यावर औषध नव्हते. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते औषध प्रत्यक्ष वापरात आले. आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासाशी संबंध आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशातच पेनिसिलीन तयार होऊ लागले. जुन्या मंडळींना 'पेनिसिलीनचे इंजेक्शन' हे शब्द चांगले आठवत असतील.

परंतु जंतूही स्वस्थ बसला नाही. खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात इशारा दिला होता की, औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू त्याला सरावतील. घडलेही तसेच. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर यांनी मोजणी केली. १९४६ साली तेथील या जंतूंपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४८ साली हेच प्रमाण ५९ टक्क्यांवर गेले. म्हणजे केवळ दोन वर्षांत चौपट.

त्यावर तोडगा म्हणून मेथिसिलीन नावाचे नवे औषध १९५९-६० मध्ये आले. आणि १९६१ सालीच इंग्लंडमधील पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी कळविले की, या नव्या औषधालाही न जुमानणारे जंतू सापडले आहेत. त्यांनाच पुढे मेथिसिलीन-रोधक स्टॅफिलोकोकस ऑरियस, थोडक्यात 'एमआरएसए' असे नाव पडले. मेथिसिलीन हे औषध आज रुग्णांना दिले जात नाही, पण जंतूच्या नावात ते टिकून आहे.

हा जंतू औषध कसे चुकवतो, तेही सोप्या शब्दांत पाहू. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती बांधणारी प्रथिने त्याच्यापाशी असतात; त्यांना आपण गवंडी म्हणू. पेनिसिलीनच्या कुळातील औषधे या गवंड्यांचे हात बांधून टाकतात. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटून मरतो. एमआरएसएने मात्र 'मेक-ए' नावाचे एक जनुक मिळविले आहे. त्याच्या जोरावर तो निराळ्याच घडणीचा गवंडी तयार करतो. औषधाला त्याचे हात धरता येत नाहीत आणि भिंतीचे काम बिनधास्त चालू राहते. हे जनुक ध्यानात ठेवावे, कारण जलद तपासणीचा सारा डाव त्याच्यावरच उभा आहे.

आपल्या देशात हा जंतू किती पसरला आहे? मोठ्या इस्पितळांच्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन केलेल्या पाहणीत, रुग्णांच्या नमुन्यांत सापडलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी २००८ साली ४२ टक्के आणि २००९ साली ४० टक्के जंतू या रोधक जातीचे होते. जगाचा हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या सर्व जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, आणि त्यांतील एक लाखाहून अधिक मृत्यू एकट्या एमआरएसएमुळे झाले. बँकेत आकडे लिहिताना मन कोरडे ठेवावे लागते. परंतु या आकड्यांतील प्रत्येक एककामागे एक घर आहे, हे विसरून चालणार नाही.

निरोगी वाहक म्हणजे कोण?

आता वाहकाकडे येऊ. जगभरातील १२७ पाहण्या एकत्र करून २००८ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ३३,३१८ इस्पितळ-कर्मचाऱ्यांची तपासणी धरलेली होती. त्यांतील ४.६ टक्के कर्मचारी एमआरएसएचे वाहक निघाले. म्हणजे शंभरात चार-पाच जण. या वाहकांपैकी बहुतेकांना कसलाही आजार नव्हता.

आमच्या धंद्यातील उदाहरण देतो. रोखपालाच्या खिडकीवर दिवसभर हजारो नोटा येतात. त्यांत एखादी खोटी नोट येते. रोखपालाने ती छापलेली नसते, तिचा त्याला पत्ताही नसतो. तो ती गड्डीत बांधतो आणि पुढच्या खातेदाराला देतो. नुकसान त्या बिचाऱ्या खातेदाराचे होते. या व्यवहारात रोखपाल हा दुवा आहे. नोट छापणारा गुन्हेगार निराळाच आहे. म्हणून शहाणी बँक काय करते? खिडकीवर नोटा तपासण्याचे यंत्र ठेवते. नोट तेथल्या तेथे पकडली जाते, खातेदार वाचतो आणि रोखपालाच्या अब्रूलाही धक्का लागत नाही. इस्पितळातील वाहक हा असाच रोखपाल होय. जंतू त्याच्याकडे बहुधा इस्पितळातूनच, रुग्णांची सेवा करता करताच आलेला असतो. जो ड्रेसिंग बदलतो, चादरी उचलतो, बेडपॅन धुतो, त्यालाच तो चिकटतो.

दोन जुन्या गोष्टी

वाहकाशी समाज कसा वागला, याच्या दोन गोष्टी इतिहासात नोंदलेल्या आहेत. विद्यार्थ्यांनी त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्यात.

पहिली गोष्ट व्हिएन्ना शहरातील. तेथील मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातील अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्या विभागात तीनहून कमी. इग्नाझ सेमेलवाईस नावाच्या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले की, डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशाच हातांनी बाळंतिणींना तपासतात. मे १८४७ पासून त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण १८ टक्के होते, ते जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? परंतु आपल्याच हातांतून मरण जाते, ही गोष्ट अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना मानवली नाही. सेमेलवाईस यांचे म्हणणे झिडकारले गेले आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कमधील. मेरी मॅलन ही आयर्लंडहून पोट भरायला आलेली स्वयंपाकीण. ती श्रीमंतांच्या घरी रांधत असे. तिला स्वतःला टायफॉईडचा कसलाही त्रास नव्हता, पण तिच्या पोटात ते जंतू होते आणि ती जेथे काम करी तेथे टायफॉईड होई. १९०७ साली तिला पकडून एका बेटावरील इस्पितळात ठेवले. १९१० साली पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडले. परंतु दुसऱ्या कामात पोटापुरते मिळेना, म्हणून ती नाव बदलून पुन्हा चुलीपाशी गेली. १९१५ साली तिला परत पकडले, ते १९३८ साली मरेपर्यंत. एकूण सव्वीस वर्षे ती बाई त्या बेटावर राहिली. त्याच शहरात टायफॉईडचे इतर शेकडो निरोगी वाहक सापडले होते. त्यांना असे जन्मभर डांबले गेले नाही.

आता दोन्ही गोष्टी एकत्र पाहा. वाहक जेव्हा प्रतिष्ठित होता, तेव्हा त्याला साधे हात धुवायला सांगणेही अपमान ठरले. वाहक जेव्हा गरीब मोलकरीण होती, तेव्हा तिला जन्मठेप झाली. मेरीमुळे माणसे आजारी पडली, काही दगावलीही, हे खोटे नाही. परंतु तिला वेळीच नीट समजावून दुसरे काम आणि पुरेसा पगार दिला असता, तर कदाचित तिला नाव बदलावे लागले नसते आणि पुढचे रुग्णही वाचले असते. जंतू हुद्दा पाहत नाही. हुद्दा पाहतो तो माणूस. तपासणीच्या यंत्रापेक्षाही या गोष्टीचा विचार आधी झाला पाहिजे.

तपासणी : जुनी आणि नवी

आता यंत्राकडे वळू. जुनी पद्धत अशी. निर्जंतुक कापूस लावलेली काडी, म्हणजेच स्वॅब, नाकपुडीत फिरवतात. २०२० च्या कोरोनाकाळानंतर हा प्रकार सांगण्याची गरज उरलेली नाही. फरक इतकाच की येथे काडी नाकाच्या पुढच्या भागातच फिरवायची असते, त्यामुळे फारसा त्रास होत नाही. मग तो स्वॅब मिठाचे प्रमाण जास्त असलेल्या खाद्यावर, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत पसरतात. एक रात्र उबेत ठेवल्यावर जंतूंचे ठिपके उगवतात आणि भोवतालचा गुलाबी रंग पिवळा होतो. त्यांतून हवा तो जंतू वेगळा काढून ओळख पटवायची आणि मग दुसऱ्या बशीत औषधाची टिकली ठेवून पाहायचे, की जंतू तिच्याभोवती मरतो की खुशाल वाढतो. त्याला आणखी एक दिवस. अशा रीतीने अहवाल हाती यायला दोन-तीन दिवस जातात. जंतू ओळखून रंग दाखविणारी नवी खाद्ये निघाली आहेत, त्यांनी यातील एखादा दिवस वाचतो.

पूर्वी परगावचा चेक वटायला आठ-पंधरा दिवस लागत. खातेदार रोज खिडकीवर येऊन विचारी, 'साहेब, जमा झाला का?' आणि त्याचे कामकाज तोवर अडलेले असे. दोन-तीन दिवसांचा अहवाल म्हणजे असाच न वटलेला चेक. तोवर त्या कर्मचाऱ्याला कामावर ठेवावे तर रुग्णाला धोका. घरी बसवावे तर त्याचा रोज बुडतो.

नव्या पद्धतीत जंतू वाढण्याची वाट पाहत नाहीत, थेट जनुक शोधतात. अमेरिकेतील कॅरी मुलिस यांनी १९८३ साली पीसीआर ही युक्ती काढली आणि १९९३ साली त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही युक्ती म्हणजे शुद्ध चक्रवाढ आहे. शोधायच्या जनुकाच्या तुकड्याची दर फेरीला दुप्पट नक्कल होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. विद्यार्थ्यांनी घरी मांडून पाहावे, तीस फेऱ्यांत एकाचे एकशे सात कोटींहून अधिक होतात. एवढे झाल्यावर ते यंत्राला सहज दिसते. कॅनडातील क्वेबेक येथील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली अशी पद्धत प्रसिद्ध केली की, नाकातील स्वॅबमधून एमआरएसएचा पत्ता एका तासाच्या आत लागावा. पुढे बंद डबीत नमुना घालून यंत्रात ठेवायचा आणि तास-दोन तासांत निकाल वाचायचा, अशी यंत्रे आली. क्षयाच्या तपासणीसाठी अशी यंत्रे आपल्या सरकारी इस्पितळांत आता परिचयाची झाली आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात तयार झालेल्या 'ट्रूनॅट' या छोट्या यंत्राला क्षयाच्या निदानासाठी २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. म्हणजे हे तंत्र आपल्या आवाक्याबाहेरचे राहिलेले नाही.

तरीही यंत्र चुकत नाही असे समजू नये. कधी कधी जनुकाची पेटी जंतूत असते, पण पेटीतील 'मेक-ए' गळून गेलेले असते. यंत्राने पेटीच्या कडा ओळखल्या, तर जंतू रोधक नसतानाही ते 'आहे' म्हणते. उलट, २०११ साली 'मेक-सी' हे वेगळ्या घडणीचे जनुक आढळले, ते जुन्या चाचण्यांच्या नजरेतून सुटत असे. म्हणून जलद चाचणीत वाहक आढळल्यास जुन्या पद्धतीने खात्री करून घेणे हिताचे. यंत्राने बाजूला काढलेली नोटही अनुभवी रोखपाल उजेडात धरून पाहतोच की!

केवळ वेग पुरेसा आहे काय?

या प्रश्नावर दोन मोठे अभ्यास सांगण्यासारखे आहेत. दोन्ही रुग्णांच्या तपासणीचे आहेत, परंतु त्यांचा धडा कर्मचाऱ्यांनाही लागू पडतो.

नेदरलँड्समधील पाच इस्पितळांत रुग्ण दाखल होताच पीसीआरने स्टॅफिलोकोकस ऑरियसची नाक-तपासणी केली. तेथे आढळलेले जंतू साध्या, औषधाला दाद देणाऱ्या जातीचे होते. वाहक निघालेल्यांपैकी काहींना लगेच मुपिरोसिन हे नाकात लावायचे मलम आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक साबणाची अंघोळ पाच दिवस दिली. इतरांना दिसायला तसेच पण औषध नसलेले मलम व साबण. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या ५०४ जणांपैकी १७ जणांना इस्पितळात या जंतूची बाधा झाली, तर औषध न मिळालेल्या ४१३ पैकी ३२ जणांना. म्हणजे बाधा निम्म्याहूनही खाली आली. जलद शोध आणि लगेच उपाय, यांची जोडी जमली.

दुसरा अभ्यास स्वित्झर्लंडमधील जिनिव्हाचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. तेथे शस्त्रक्रिया विभागांत २१,७५४ रुग्णांचा अभ्यास झाला. जलद तपासणी असताना आणि नसताना, अशी तुलना केली. एमआरएसएची बाधा काही कमी झाली नाही. का बरे? चाचणी जलद असली, तरी निकाल वॉर्डात पोहोचेपर्यंत साधारण साडेबावीस तास जात होते. आणि आणखी एक. तपासणीच्या काळात ज्या ९३ जणांना बाधा झाली, त्यांतील ५३ जण दाखल होताना एमआरएसएपासून मुक्त होते. त्यांना हा जंतू इस्पितळात आल्यावर लागला.

यांतून आम्ही दोन गोष्टी शिकतो. यंत्र तासात उत्तर देत असेल, पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला दिवस लागत असेल, तर तो वेग पाण्यात गेला. कारकुनी करणाऱ्यास हे निराळे सांगायला नको. आणि रुग्णाच्या नाकाची कितीही तपासणी केली, तरी इस्पितळातील हात स्वच्छ नसतील तर जंतूची वाट बंद होत नाही. म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेतही सर्व कर्मचाऱ्यांची सरसकट नित्य तपासणी करीत नाहीत. एखाद्या वॉर्डात एकामागून एक रुग्णांना बाधा होऊ लागली आणि इतर कारण सापडेना, तेव्हा ती करतात. नेदरलँड्समध्ये धोरण अधिक कडक आहे. तेथे 'शोधा आणि नष्ट करा' या नीतीने, संपर्कात आलेल्या कर्मचाऱ्यांचीही तपासणी होते, आणि वाहकास उपचार होईपर्यंत रुग्णांपासून दूर ठेवतात. तेथे एमआरएसएचे प्रमाण जगात सर्वांत कमी असलेल्या देशांपैकी आहे. परंतु हे जमते, कारण तेथे असे घरी बसणे म्हणजे उपाशी बसणे नसते.

आपल्याकडे काय घडते?

आमच्या परिचयातील एक भगिनी एका खासगी इस्पितळात ठेकेदारामार्फत आयाचे काम करीत होत्या. इस्पितळाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. वॉर्डात दोन-तीन रुग्णांच्या जखमा चिघळल्या, तेव्हा स्वॅब घेतले गेले ते फक्त आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगारांचे. अहवाल येईपर्यंत घरी बसा, असे सांगितले. चार दिवस गेले, चार दिवसांचा रोज गेला. अहवाल आला तो निर्दोष. पण तोवर चाळीतील नळावर कुजबूज सुरू झाली होती, 'बाईंना कसलासा रोग लागलाय म्हणे.' त्या बाईंनी आम्हांस विचारले, 'दादा, ज्या डॉक्टरांनी त्याच जखमा उघडून पाहिल्या, त्यांच्या नाकात काडी का नाही घातली?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

२०२० साली तर सबंध देशाने हे पाहिले. संध्याकाळी टाळ्या वाजवल्या आणि सकाळी त्याच सिस्टरला, त्याच वॉर्डबॉयला घरमालकाने खोली सोडायला सांगितली, अशा बातम्या किती वाचल्या! आरोग्य-कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्मचाऱ्याला जेव्हा ठाऊक असते की सापडलो तर रोज बुडेल, बदनामी होईल आणि कदाचित कामही जाईल, तेव्हा तो स्वॅब चुकवणार, सुट्टी टाकणार, नाव लपवणार. म्हणजे मेरी मॅलनचीच कथा पुन्हा. अशाने रुग्ण वाचत नाही आणि कामगारही वाचत नाही.

आम्ही काय मागावे, आम्ही काय करावे

म्हणून आपल्या सभासदांपैकी जे इस्पितळांत काम करतात, संघटनांत आहेत, त्यांनी पुढील गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, तपासणी करायची तर त्या वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची करावी. मोठ्या सर्जनपासून झाडूवाल्या मामांपर्यंत एकच नियम असावा.

दुसरी, शक्य तेथे जलद चाचणी वापरावी आणि निकाल त्याच पाळीत कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा. चाचणीचा खर्च इस्पितळाने सोसावा.

तिसरी, निकाल गुप्त ठेवावा. खातेदाराची शिल्लक जशी आम्ही दुसऱ्याला सांगत नाही, तसाच कर्मचाऱ्याचा अहवाल फलकावर लागता कामा नये.

चौथी, वाहक निघालेल्यास उपचार मोफत द्यावेत आणि तेवढे दिवस रुग्णाशी संबंध नसलेले दुसरे काम द्यावे; तसे काम नसेल तर भरपगारी रजा द्यावी. कायम आणि कंत्राटी असा भेद येथे करू नये, कारण जंतू नेमणुकीचा कागद वाचत नाही.

पाचवी, उपचारानंतर पुन्हा तपासणी होऊन तो मोकळा झाला की सन्मानाने मूळ कामावर घ्यावे. हा जंतू पुन्हाही येऊ शकतो. तसे झाले तर तो त्या माणसाचा हलगर्जीपणा समजू नये. आणि मुपिरोसिनचे मलम ऊठसूट वापरू नये, कारण त्यालाही दाद न देणारे जंतू निघाले आहेत.

हे झाले मागणे. आता आपले कर्तव्य. मागणारा हात आधी स्वच्छ असला पाहिजे. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर, ड्रेसिंगपूर्वी, रक्त-लघवी-पुवाशी संबंध आल्यावर आणि रुग्णाच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यावर हात धुतलेच पाहिजेत. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, किंवा अल्कोहोलच्या द्रवाने वीस ते तीस सेकंद, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हातमोजे घातले म्हणजे हात धुणे टळले, असे नाही. हातावर जखम किंवा गळू असेल तर ते लपवू नये, सिस्टरना दाखवावे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

जे इस्पितळात काम करीत नाहीत, त्यांनाही एक काम आहे. सर्दी-पडसे झाले की दुकानातून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खाणे आणि बरे वाटले की उरलेल्या कपाटात ठेवणे, ही सवय सोडावी. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी पाहून वहीत नोंद ठेवावी, असा नियम आहे. गोळ्यांच्या पट्टीवरील लाल उभी रेघ हीच खूण सांगते. दुकानदार विचारत नसला, तरी आपण चिठ्ठीशिवाय मागू नये. आणि शेजारची कोणी भगिनी तपासणीसाठी घरी बसली असेल, तर नळावरची कुजबूज थांबवावी, तिच्या घरी भाजी-दूध पोहोचवावे. हे करायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

विद्यार्थी मित्रांना शेवटचे सांगणे. तुमच्यापैकी काही जण उद्या प्रयोगशाळेत बसाल, काही जण इस्पितळाचा कारभार पाहाल. आज तासात निकाल देणारे यंत्र आहे, उद्या दहा मिनिटांत देणारे तुम्ही तयार कराल. ते जरूर करा. पण अहवालावर 'आढळला' असे लिहिताना ध्यानात ठेवा की, जंतू आढळला आहे, अपराधी आढळलेला नाही. त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोटापाण्यासाठी परक्याच्या जखमा पुसणारे एक माणूस उभे आहे. त्या माणसाला भीती वाटली नाही, तरच तो पुढच्या वेळी आपण होऊन नाक पुढे करील, आणि तरच खाटेवरचा रुग्ण वाचेल.



जयभीम.